डायरीची थकबाकी

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

'मी फोंड्याला राहते. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत पॅकिंग विभागात काम करते. सकाळी सव्वासातला कंपनीची बस, परत यायला साडेसहा, आल्यावर रात्रीचा स्वयंपाक. महिन्यातून एक आठवडा दुसरी पाळी, तेव्हा घरी पोचायला मध्यरात्र. मुलगा पाचवीत, सासूबाईंना मधुमेह, नवऱ्याचं दुकान. लग्नाआधी नेमाने डायरी लिहायचे. गेल्या तीन वर्षांत तीन डायऱ्या घेतल्या. तिन्हींची पहिली दहा-बारा पानं भरलेली, पुढे कोरं. रात्री अंथरुणावर लिहायला घेते आणि पेन हातात असतानाच डोळा लागतो. चार दिवस राहिले की ते भरून काढायचं दडपण येतं, मग वही उघडावीशीच वाटत नाही. घरात कुणी वाचेल ही भीती आहेच, आणि पावसात वहीला बुरशी येते ते वेगळंच. यंदा गणेश चवथीपासून पुन्हा सुरू करावं म्हणते. वहीत लिहू की मोबाइलवर? आणि लिहू तरी काय? रोज तेच तर असतं. – एक वाचक, फोंडा'

ताई,

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली: 'चार दिवस राहिले की ते भरून काढायचं दडपण येतं.' डायरी मोडते ती तिथे. अंग दमलं तर एखादा दिवस बुडतो, दुसऱ्या पाळीने आठवडा बुडतो. पण अख्खं वर्ष बुडतं ते मागची बाकी डोक्यावर चढून बसते म्हणून. तेव्हा वेळ कुठून काढायचा हे पुढे बघू. आधी एवढं ठरवा की राहिलेला दिवस राहिला, तो भरायचा नाही.

तुम्हाला हे पटायला जड जाऊ नये, कारण तुमच्या कामात हा नियम रोजचा आहे. बॅच रेकॉर्डवर नोंद काम झाल्या झाल्या करायची, मागची तारीख घालून काही लिहायचं नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, शेजारी सही आणि तारीख. गिरवागिरव नाही, पांढरी शाई नाही, पान फाडणं तर नाहीच. हाच नियम डायरीला लावा. सोमवारची गोष्ट गुरुवारी आठवली तर गुरुवारच्याच तारखेखाली 'सोमवारी असं झालं' म्हणून लिहा. मधल्या दिवसांसाठी जागा सोडू नका. रेघ ओढा आणि लगेच खाली आजची तारीख. वही पुढे वाचताना 12 नंतर एकदम 19 तारीख दिसली तर दिसू दे. त्या आठवड्यात हाताला उसंत नव्हती, एवढं ती रिकामी जागा न लिहिताही सांगते.

म्हणूनच तारीख छापलेली डायरी तुमच्या कामाची नाही. तिच्यात दिवसाला एक पान, त्यावर वीस-बावीस ओळी. पाच ओळी लिहिल्या तरी पाऊण पान कोरं राहतं आणि लिहिलेलंही अपुरं वाटायला लागतं. चार दिवस चुकले की चार कोरी पानं उलटूनच आजच्या पानावर यावं लागतं. त्याऐवजी साधी एकरेघी वही घ्या, ए-फाइव्ह मापाची, म्हणजे 148 बाय 210 मिलिमीटर. रेघांमध्ये आठ मिलिमीटर अंतर असेल तर पानावर साधारण तेवीस ओळी बसतात. रोजच्या पाच ओळी धरल्या तर एका पानावर चार दिवस मावतात आणि मधे श्वास घ्यायला तीन ओळी उरतात. वर्षाचे 365 दिवस 92 पानांत आटोपतात. शंभर पानी एक वही म्हणजे तुमचं सबंध वर्ष. हा हिशोब मुद्दाम मांडला, कारण 'रोज डायरी लिहिते' म्हटलं की पानंच्या पानं डोळ्यांपुढे येतात आणि माणूस सुरू करायच्या आधीच दमतो.

पाच ओळींना डायरी म्हणायचं का, असं मनात येईल. आपल्याकडच्या जुन्या हिशेबाची रीत आठवा. दुकानात रोजची उलाढाल घडेल तशी कीर्दीत उतरवायची, थोडक्यात, कसलंही वर्गीकरण न करता. मग सवडीने त्यातल्या नोंदी खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायच्या. कीर्द रोजची, खतावणी सवडीची. तुमच्या यजमानांना विचारा, दोन्ही एकाच बैठकीत करायला गेलं तर काय होतं ते. डायरी लिहिणारे नेमकं हेच करतात: दिवसही नोंदवायचा, त्यावर विचारही करायचा, भाषाही चांगली हवी, आणि हे सगळं रात्री साडेदहाला. तुम्ही आठवडाभर फक्त कीर्द लिहा. रविवारी पंधरा-वीस मिनिटं मिळाली तर त्या आठवड्यातली एखादी गोष्ट उचलून वेगळ्या वहीत (कुठल्या ते शेवटी सांगतो) सविस्तर लिहा. नाही मिळाली तर त्या आठवड्याची खतावणी नाही. तिचीही बाकी धरायची नाही.

आता वेळ. अंथरुणावर लिहिणं आधी बंद करा. दिवसातला सगळ्यात दमलेला क्षण तुम्ही या कामाला दिला आहे. शिवाय 'झोपण्यापूर्वी' ही काही ठरलेली वेळ नव्हे; कधी दहा, कधी साडेअकरा, कधी मुलाला ताप आला म्हणून दोन. नवी सवय घड्याळाला बांधण्यापेक्षा रोज हमखास घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधली तर टिकते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 मध्ये हाच मुद्दा मांडला होता: 'मी रोज करीन' असं ठरवणाऱ्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं ठरवणाऱ्याच्या हातून काम होण्याची शक्यता जास्त.

तुमच्या घरात हमखास घडणारी गोष्ट म्हणजे कुकर. गॅस बंद केल्यापासून वाफ जिरून झाकण निघेपर्यंत दहाएक मिनिटं जातात. झाकण ओढून उघडता येत नाही, म्हणजे ही वेळ सक्तीची मोकळी. पाच ओळी, सुमारे चाळीस शब्द, हाताने लिहायला तीन-चार मिनिटं लागतात. कुकर बंद केला, हात पुसले, वही उघडली, हा क्रम धरा. त्या वेळात दुसऱ्या शेगडीवर मासे तळायला ठेवू नका. तळण आधी उरका, नाही तर एक डोळा तव्यावर राहतो आणि वहीत 'आज काम खूप होतं' एवढंच उतरतं.

वही स्वयंपाकघरातच हवी, पण ओट्यावर नको. तिथे वाफ, तेल आणि ओले हात. दाराजवळच्या फळीवर किंवा खिळ्याला अडकवलेल्या कापडी पिशवीत ठेवा, दोन पावलांवर. पेन वहीला दोऱ्याने बांधा, हातभर लांब, बँकेत काउंटरवर बांधलेलं असतं तसं. पोरकट वाटेल, पण बांधा. पेन शोधण्यात दोन मिनिटं गेली की त्या दिवशीची नोंद गेलीच म्हणा. मुलाच्या दप्तरातून पेन काढायला गेलात की तिथे सही राहिलेली गृहपाठाची वही सापडते आणि मग दहा मिनिटं कुठल्या कुठे जातात.

दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात रात्रीचा कुकर तुमच्या हातात नसतो. त्यासाठी वेगळी खूणगाठ आजच ठरवा, तो आठवडा उजाडल्यावर नव्हे. मुलगा शाळेत गेल्यावरचा चहा चालेल. कप आणि वही एकदमच टेबलावर आणायची. या वेळी तुम्ही कालचा दिवस लिहिणार, तर तारीख आजचीच घाला आणि पुढे 'काल' लिहा. मध्यरात्री घरी आल्यावर लिहायचा हट्ट नको. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात दोनच ओळी लिहून ठेवा: 'पहिली पाळी: कुकर बंद केला की. दुसरी पाळी: लेक शाळेत गेला की.' इतर वाचकांनी आपापली खूण शोधावी. कुणाला सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू, कुणाला तुळशीपुढची सांजवात, कुणाला दुकानाचं शटर. मात्र ती रोज घडणारी हवी आणि तिच्या पाठोपाठ पाच मिनिटं हात रिकामे हवेत. पोदेर येतो तेव्हा तुम्ही डबे भरत असता, म्हणून तो तुमच्या उपयोगाचा नाही.

दिवसभरातलं संध्याकाळपर्यंत आठवत नाही, ही पुढची अडचण येईल. पॅकिंग हॉलमध्ये फोन चालत नाही, खासगी कागदही नाही, म्हणजे मधे टिपण्याचा प्रश्नच नाही. परतीच्या बसमध्ये टिपा, पण फक्त तीन शब्द. चालत्या बसमध्ये मान खाली घालून पानभर लिहायला गेलात तर मळमळेल, कारण डोळे स्थिर पानावर आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय मात्र वळणं मोजत असतं. बोरीचा पूल लागला की तिकिटाएवढ्या चिठ्ठीवर तीन शब्द लिहा आणि चिठ्ठी पर्समध्ये टाका. 'लेबल, चप्पल, धनेश' असे. वाक्य नको. घरी कुकरपाशी ती चिठ्ठी उघडली की त्या तीन शब्दांतून पाच ओळी आपोआप निघतात. बस आणि कुकर यांच्यामधल्या तासाभरात घरातली किती माणसं तुमच्याशी बोलणार आहेत याचा विचार केलात तर चिठ्ठीची गरज कळेल.

'रोज तेच तर असतं' याच्याशी मी सहमत नाही, आणि या मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण कुकर आणि दोरा एवढं करूनही कंटाळ्याने डायरी सुटते ती इथे. रोज तेच वाटतं, कारण आपण दिवसाचा सारांश लिहितो. 'आज खूप काम होतं. दमले. संध्याकाळी पाऊस.' अशा तीनशे नोंदी लिहिल्यात तर तीनशेही सारख्याच होतील आणि महिन्याने वाचताना तुम्हालाच जांभई येईल. सारांश टाळा, तुकडा पकडा. एकच, पण नेमका. हे बघा:

'मंगळवार. तिसऱ्या लाइनवर लेबल तिरकं बसत होतं, चाळीस मिनिटं बंद. शोभाने तेवढ्यात तुटलेल्या चपलेला सेफ्टी पिन लावली आणि दिवसभर पाय ओढत चालली. बाजारात बांगडे परवडेनात, तारले घेतले. लेक आजीच्या इन्शुलिनच्या पेनाचे टकटक आवाज मोजतो, आज चौदा मोजले आणि म्हणाला, "आजी, काल बारा होते." बरोबर होतं त्याचं, डॉक्टरांनी आजपासूनच वाढवलं.'

यात भावना एकही नाही, तरी ज्या बाईने हे लिहिलं तिचं घर दिसतं. दहा वर्षांनी 'दमले' वाचून काही आठवणार नाही. चौदा टकटक वाचून मुलाचा तेव्हाचा आवाज ऐकू येईल.

रोज कुठून सुरुवात करायची हे सुचत नसेल तर ओळींना कामं वाटून द्या. पहिल्या ओळीत वार, तारीख आणि हवा. दुसरीत डोळ्यांना दिसलेलं काहीतरी, शक्यतो आकड्यासह किंवा रंगासह. तिसरीत कुणाच्या तरी तोंडचं वाक्य, जसं बोललं गेलं तसं. सासूबाई कोकणीत बोलल्या असतील तर कोकणीतच लिहा, मराठीत आणू नका. चौथीत स्वतःबद्दल एक वाक्य, पण त्यात 'कारण' हा शब्द हवा: 'चिडले, कारण सुपरवायझरने विचारलं मला आणि उत्तर ऐकलं दुसऱ्याचं.' पाचवी उद्यासाठी: गॅस नोंदवायचा, दंतवैद्याची वेळ, पालकसभा. ही पाचवी ओळ क्षुल्लक समजू नका. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात 2018 मध्ये 57 तरुणांवर झालेल्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. प्रयोग लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत, पण डोक्यात घोळणारं काम कागदावर उतरलं की डोकं सैल होतं हे कुणीही पडताळून पाहू शकतं. महिनाभराने ही ओळींची वाटणी कंटाळवाणी वाटू लागली तर सोडून द्या. तोवर हात वळलेला असतो.

आणि अगदीच त्राण नसलेल्या दिवसासाठी किमान नोंद ठरवून ठेवा: तारीख आणि एक शब्द. 'हुमण खारट' हे दोन झाले, तेही चालतील.

सवय लागायला किती दिवस? एकवीस दिवसांचं जे सर्रास सांगितलं जातं ते विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयींचा पाठपुरावा केला होता, 2010 मध्ये तो प्रसिद्ध झाला. एखादी गोष्ट आपसूक होऊ लागायला मधला आकडा 66 दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसात फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत. त्यातली तुमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे: मधे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. दोन महिने कुठलाही निकाल लावू नका. पहिल्या आठवड्यात हुरूप असतो, तो कुणालाही असतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हात जड होतो, तेव्हा किमान नोंदीवर या, पण कुकर बंद झाल्यावर वही उघडणं सोडू नका. उघडून एक शब्द लिहिला तरी साखळी तुटत नाही.

चवथीपासून सुरू करायचं म्हणता, ते नका करू. मूळच्या घरी जाणं, पाहुणे, नेवऱ्या, आरत्या. त्या दिवसांत तुमचा कुकरसुद्धा तुमचा नसतो. पहिले पंधरा दिवस अगदी साधे, नेहमीच्या धबडग्याचे हवेत, कारण सवय त्याच धबडग्यात बसायची आहे. गणपती पोचवून आल्यावर, पाहुणे गेल्यावर, जो पहिला कामाचा वार येईल त्या दिवशी सुरू करा. आधीच सुरू झाली असेल तर चवथीच्या दिवसांत किमान नोंद करा आणि एक पान मात्र जरूर भरा: माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांची, यादी. कवंडळ कुणी आणलं, कांगल्या कुठल्या डोंगरातून, आंबाडे, तोरिंग, सुपारीचा शिपटा, यंदा काय मिळालं नाही, बाजारातून काय विकत घ्यावं लागलं. सासूबाईंना विचारून नावं लिहून घ्या, त्यांच्या उच्चारात. यातली कितीतरी नावं फक्त त्यांच्या पिढीच्या तोंडात उरली आहेत. वर्षाला एक पान, पाच वर्षांत पाच पानं. घरात याहून मोलाचं दफ्तर दुसरं होणार नाही.

कुणी वाचेल ही भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. भीती असली की हात आखडतो आणि वहीत गुळगुळीत वाक्यं उतरतात. कुलूप लावू नका, घरात कुलपाने कुतूहल वाढतं. सोपी वाट अशी: कीर्दीची वही उघडी राहू दे, तिच्यात कुणी वाचलं तरी चालेल असंच लिहा. शोभाची चप्पल, तारले, इन्शुलिन यात लपवण्यासारखं काय आहे? मनात खदखदणारं त्या वहीत नको. त्यासाठी सुटा कागद. मनातलं सगळं त्यावर ओता, नावानिशी, शिव्यांसह, आणि लिहून झाल्यावर बारीक फाडून ओल्या कचऱ्यात टाका. वहीत तेवढंच लिहा: 'कागद लिहिला.' मोडी शिकून मोडीत लिहिणारी माणसं आहेत, आणि आवड असेल तर ती फार सुंदर वाट आहे. पण तुमच्या आजच्या दिवसात आणखी एक शिकणी घालू नका.

या सुट्या कागदाबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1986 पासून मनातल्या जखमांबद्दल लिहिण्याचा अभ्यास केला. त्याच्या मूळ प्रयोगात रोज पंधरा मिनिटं, सलग चार दिवस, असं बेताचं लेखन होतं. लिहिल्या लिहिल्या माणसाला हलकं वाटण्याऐवजी उदास वाटू शकतं, हेही त्यात दिसलं. म्हणून असा कागद झोपायच्या आधी लिहू नका आणि पंधरा मिनिटांनी थांबा. एकच गोष्ट त्याच शब्दांत चौथ्यांदा लिहिली जात असेल तर ते लिहिणं राहिलं नाही, ते उगाळणं झालं. तेव्हा खाली एक प्रश्न लिहा, 'यातलं माझ्या हातात काय आहे?', आणि त्याचंच उत्तर द्या. दोन आठवडे झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल तर वहीच्या भरवशावर राहू नका. डॉक्टरांकडे जा किंवा सरकारच्या टेलिमानस या मोफत सेवेला 14416 वर फोन करा.

मोबाइल की वही? तुमच्यासाठी वही. फोनवर लिहिणं वाईट नाही, मराठीत बोलून टंकन आता चांगलं होतं. पण तुमचा फोन संध्याकाळी सातला उघडला की त्यात पाळीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप आणि नातेवाइकांचा ग्रुप वाट बघत असतात, आणि कुकरची दहा मिनिटं त्यांची होतात. फोनचा उपयोग चिठ्ठीसारखा करा: बसमध्ये कागद नसेल तर स्वतःलाच तीन शब्दांचा मेसेज पाठवा. आणि महिन्यातून एकदा वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवा, एका पानाचा एक, दिवसाउजेडी, सावली पडणार नाही असे. आठ पानांना पाच मिनिटंही लागत नाहीत. वही भिजली तरी मजकूर राहील.

आता बुरशी. गोव्यात जून ते सप्टेंबर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवा इतकी दमट असते की कागद स्वतःच ओल पितो. वही घेतानाच बांधणी बघा. पिनांची वही इथल्या हवेत एका पावसाळ्यात गंजते आणि पिनेभोवती तपकिरी डाग पडतात, स्पायरलचंही तेच. नुसत्या डिंकाने चिकटवलेली पानं दमटपणात सुटतात, शिवाय खळीच्या वासाने कसर लागते. दोऱ्याने शिवलेली वही घ्या, थोडी महाग पडेल. शाईचं पेन आणि साधं जेल पेन टाळा. त्यांचा रंग बहुधा पाण्यात विरघळतो आणि दमट कागदावर पसरतो. साधं बॉलपेन तेलकट शाईचं असतं, ते टिकतं. सर्वांत भरवशाची पेन्सिल, एचबी किंवा 2बी: शिशाची रेघ पाण्याने विरघळत नाही, उन्हाने फिकटत नाही.

चालू वही रोज हाताळली जाते, तिला सहसा बुरशी धरत नाही. बुरशी येते ती कपाटात पडून राहिलेल्या वहीला, त्यातही बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात. जुन्या वह्या आतल्या भिंतीच्या कपाटात, रबराची कडा असलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आधी पंख्याखाली पानं उघडी करून तासभर सुकवा. ओली वही डब्यात कोंडली तर डबाच बुरशीचं घर होतो. पाच लिटरच्या डब्यात पन्नास ग्रॅम सिलिका जेलची पुरचुंडी पुरते. नारिंगी मण्यांची घ्या. ओल प्यायल्यावर ते हिरवट होतात, मग ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दीड-दोन तास ठेवले की पुन्हा नारिंगी. निळे मणी स्वयंपाकघराच्या ओव्हनमध्ये घालू नका, त्यात कोबाल्टचं क्षार असतं. बुरशी आलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती कागदात मुरते. नाकाला रुमाल बांधून, बाहेर पडवीत, वाळल्यावर मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडा.

राहिल्या त्या तीन अर्धवट डायऱ्या. फेकू नका आणि पुढची कोरी पानं बघून खंतही करू नका. छापलेल्या तारखांवर एक आडवी रेघ मारा आणि तीच पानं खतावणीला घ्या: एक डायरी माटोळी आणि सणांसाठी, दुसरी सासूबाईंच्या साखरेच्या आकड्यांसाठी आणि औषधांच्या बदलांसाठी, तिसरी मुलासाठी. त्याने मोजलेले चौदा टकटक रविवारी तिथे जातील. त्या तिन्हींतली पहिली दहा-बारा पानं मात्र आहेत तशी असू देत. तीन वेगवेगळ्या जानेवारींत घरात काय चाललं होतं, ते तेवढ्याच पानांवर आहे.